जखमी जनावराचा माग: हिर्शफेल्डनमधली वही

कुत्रा घरी ठेवून माग काढायचा, असं ठरवून 'द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड' या शिकारीच्या व्हिडिओ गेममध्ये पुन्हा हिर्शफेल्डनला मुक्काम ठोकलाय. २०१७ साली गेम आला तेव्हापासूनचा हा जर्मनीतला नकाशा. नंतर सायबेरिया, आफ्रिका, नेपाळ, सगळं येत गेलं, पण सरावाला मला हाच बरा वाटतो. शेतं आहेत, दाट झाडी आहे आणि रो डिअरपासून बायसनपर्यंत लहानमोठी सगळी जनावरं आहेत.

सध्याची पद्धत अशी. गोळी लागली की मागे धावत सुटायचं नाही. जनावर जिथे उभं होतं तिथलं एखादं झाड नाहीतर दगड ध्यानात ठेवायचा, तिथे चालत जाऊन रक्ताचा पहिला डाग शोधायचा आणि हंटरमेटवर, म्हणजे गेममधल्या माग दाखवणाऱ्या उपकरणावर, ब्लीड रेट (रक्त किती वेगाने जातंय ते) वाचायचा. मग गोळी कुठे बसली असेल याचा अंदाज वहीत एका ओळीत लिहायचा, आणि त्यानंतरच माग धरायचा. जनावर हाती लागलं की हार्वेस्ट स्क्रीनवर गोळीची अख्खी वाट दिसते: कुठून शिरली, कुठल्या अवयवातून गेली, किती खोल गेली. ते वहीतल्या ओळीशी ताडून बघायचं. बहुतेक जण हा स्क्रीन स्कोअर आणि पदक बघून बंद करतात. माझ्या मते गेममधला सगळ्यात चांगला मास्तर तोच आहे.

दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलेल्या गोळीत शिकण्यासारखं फार नसतं. ब्लीड रेट 'व्हेरी हाय' येतो आणि जनावर थोड्याच अंतरावर पडलेलं असतं. घोळ होतो तो तिरक्या उभ्या जनावराचा. गोळी एका फुप्फुसाला चाटून जाते आणि पुढे पोटात, आतड्यांत जाऊन थांबते. जागेवर रक्त बऱ्यापैकी दिसतं, आपण खूश, आणि हरीण टेकडीपलीकडे पसार. वहीत मी 'फुप्फुसं' लिहिलेलं आणि स्क्रीनवर 'पोट' निघालेलं, अशा नोंदी जवळजवळ सगळ्या तिरक्या उभ्या जनावरांच्याच आहेत. इथे गोळीचा प्रकारही बघावा लागतो. सॉफ्ट पॉइंट आत गेल्यावर जास्त फुलते आणि लवकर थांबते. पॉलिमर टिप कमी फुलते, पण खोल जाते. रो डिअरला सॉफ्ट पॉइंट पुरते. तिरक्या उभ्या रेड डिअरला मात्र मी आता पॉलिमरच वापरतो.

परवाच्या एका रेड डिअर नराचा माग जरा सविस्तर सांगतो. शेताच्या कडेला कळप चरत होता. गोळी बसली आणि सगळा कळप उधळला. जागेवर ब्लीड रेट 'मीडियम', अंदाज लिहिला 'यकृत किंवा पोट'. आता पंचाईत अशी की उधळलेल्या प्रत्येक मादीचे ठसे त्याच जमिनीवर, तेही सगळे ताजे आणि पळतानाचे. घाईत भलत्याच ठशावर ई बटण दाबलं की चमकणारा माग त्या मादीचा होतो आणि आपण धडधाकट जनावराच्या मागे लागतो. म्हणून ठशांकडे बघायचंच नाही, फक्त थेंबांवरून पुढे सरकायचं. झाडीत शिरल्यावर माद्या डावीकडे वळल्या होत्या, हा एकटा उजवीकडे उताराला लागला होता. पुढे हंटरमेटवर 'पळत'च्या जागी 'चालत' दिसायला लागलं, तसा मी खाली वाकलो. वारा पाठीमागून येत होता, म्हणून माग सोडून लांबून वळसा घातला. जखमी जनावराला आपला वास लागला की ते पुन्हा सुसाट सुटतं आणि सगळं पहिल्यापासून. ओढ्याच्या अलीकडे तो पडलेला सापडला. स्क्रीनवर यकृत. त्या ओळीला वहीत लाल शाईने बरोबरची खूण केली आहे.

एक तक्रार आहे. खऱ्या शिकारीत पोटात गोळी लागलेल्या हरणामागे लगेच जात नाहीत. त्याला आडवं होऊ देतात, काही तास थांबतात. इथे जखमी जनावर बसत नाही, रक्त संपेपर्यंत चालतच राहतं. थांबलं तर 'क्विक किल', म्हणजे जनावर लवकर मारल्याचे गुण, हातचं जातं, आणि मागे लागलं तर जनावर आणखी लांब. हा भाग गेममध्ये कच्चाच राहिलाय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला, त्यामुळे माग काढायची हौस स्क्रीनवरच भागवायची, तर निदान तिथे तरी एवढं हवं होतं.

घरी ठेवलेला कुत्रा, म्हणजे गेममधला माग काढणारा ब्लडहाउंड, वाईट नाही. उंच गवतात किंवा अंधार पडल्यावर त्याच्यासारखा सोबती नाही. पण तो पुढे निघाला की आपण फक्त त्याच्या शेपटीकडे बघत चालतो, आणि डोळा बसायचा तो बसत नाही. वहीतले अंदाज निम्म्याहून जास्त बरोबर यायला लागेपर्यंत त्याला सुट्टी.

त्यानंतर सुंदरपाटण, म्हणजे नेपाळचा नकाशा. नीलगाय, काळवीट, बारशिंगा, भेकर, सगळी नावं ओळखीची. सुरुवात भेकरापासून करणार, कारण एवढंसं जनावर झुडपात शिरलं की थेंबांशिवाय हाती काहीच राहत नाही. वाघाकडे इतक्यात वळणार नाही. जखमी वाघ उलटून अंगावर येऊ शकतो, आणि माझी नजर तर अजून जमिनीवरच असते.