उजव्या सोंडेचा गणपती: तिसरा प्रयत्न

जयंत नारळीकरांच्या कथा यंदा नुसत्या पुन्हा वाचायच्या नाहीत, जमेल तिथे टेबलावर करून बघायच्या, असं ठरवलंय. सध्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’पाशी अडकलोय. मजेत अडकलोय.

कथेची सगळी गंमत मोबियसच्या पट्टीत आहे: अर्धा पीळ देऊन जोडलेली पट्टी, जिच्यावरून एक फेरी मारून आलं की डाव्याचं उजवं होतं. पहिली पट्टी साध्या कागदाची केली: अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली. कागदी गणपती सरकवत नेला, तर तो पट्टीच्या पाठीमागेच जाऊन बसला! गणितातल्या पृष्ठभागाला जाडी नसते, वहीच्या कागदाला असते.

दुसऱ्या खेपेला ३० सेंटिमीटर लांब, ४ रुंद अशी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. गणपतीही प्लॅस्टिकवरच काढला. पण सोंड काढली माझ्या डावीकडे, म्हणजे त्याच्या उजवीकडे. फेरी पुरी झाली आणि उजव्या सोंडेचा डाव्या सोंडेचा होऊन आला. आई म्हणाली, “बरंच झालं की. उजव्याचं सोवळं कोण पाळणार होतं?”

काल तिसरी पट्टी, या वेळी गणपती डाव्या सोंडेचा. गणपती उचलायचा नाही, उलटायचा नाही, बोटाने नुसता सरकवायचा. पिळाजवळ तो जरा अडतो, तिथे नखाने दाबावं लागतं. एक फेरी झाली आणि निघाला होता तिथेच, सोंड उजवीकडे! मोदकाचा हातही बदललेला. आणखी एक फेरी, की पुन्हा डावी.

मग रात्री उगाच विचार करत बसलो. माणूस असा फिरून आला तर त्याला जेवायला काय घालायचं? आपली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, ती डाव्या घडणीची. त्याची सगळी उजवी. ताट भरून वरणभात वाढला तरी बिचारा उपाशीच.

आणि हे तर आधीच लक्षात यायला हवं होतं: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना नारळीकरांनी नाव घेतलं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर, म्हणजे ज. वि. ना., उलटे केले, ना. वि. ज. झाले. पहिलं बक्षीसही त्या उलट्या नावालाच.

पुढची कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. विश्वासरावांना लागायची गोळी चाटून जाते आणि इतिहासच फिरतो. फूटपट्टी धारेवर उभी करून वरून गोट्या सोडून बघणार आहे. केसाएवढ्या फरकाने कुठली गोटी कुठे पडते, ते मोजायचंय. गोट्या मात्र भाच्याकडून मागून आणाव्या लागतील.