मोक्का लागल्यावर कोणते कागद आणि कोणत्या तारखा तपासायच्या

टोळक्याने कोयते नाचवत रात्री गाड्या फोडल्या, की सकाळी मागणी येते: मोक्का लावा. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली तेव्हाही मोर्चांतून हीच मागणी झाली आणि मोक्का लागला. या मागणीमागचा राग खरा आहे. खंडणी दिली नाही म्हणून मार खाल्लेला दुकानदार साक्षीला उभा राहायला घाबरतो, आणि मारणारा महिनाभरात जामिनावर सुटून त्याच चौकात दिसतो. पण मोक्का लागतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मागणी करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. ज्या घरातला पोरगा त्यात जातो, त्या घराला तर सुरुवातीचे महिने काहीच उमगत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

मोक्का म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. तो 24 फेब्रुवारी 1999 पासून लागू आहे. मुंबईतल्या टोळीयुद्धासाठी तो आणला गेला. तो लागायला तीन गोष्टी लागतात. टोळी हवी, आणि कायद्याच्या लेखी दोन माणसांचीही टोळी होते. मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं दाखल होऊन कोर्टाने त्यांची दखल घेतलेली हवी, तीही तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत. आणि हिंसा, धमकी किंवा इतर बेकायदा मार्गाने आर्थिक 'किंवा इतर' फायदा मिळवण्याचा हेतू हवा. या 'इतर' शब्दाने फार काम केलं आहे. पैशाचा व्यवहार दाखवता आला नाही की मोक्का लावण्याच्या पोलिसांच्या प्रस्तावात एक ठरलेलं वाक्य येतं: 'परिसरात वर्चस्व प्रस्थापित करण्यासाठी'. वर्चस्व हाच फायदा धरला, की गल्लीतल्या दोन गटांची हाणामारीसुद्धा संघटित गुन्हेगारीत बसवता येते.

प्रस्तावाला आधीच्या गुन्ह्यांचा तक्ता जोडलेला असतो. पोलिस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलमं, दोषारोपपत्राची तारीख, सद्यस्थिती. हा तक्ता ओळ न ओळ वाचावा, कारण चुका इथेच सापडतात. जुन्या दंडसंहितेचं कलम 323 म्हणजे साधी मारहाण, शिक्षा एक वर्ष. ती ओळ मोजायची नाही. 324 म्हणजे हत्याराने दुखापत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ती मोजली जाते. 'तपासावर' असा शेरा असलेला गुन्हा चालत नाही, कारण दोषारोपपत्रच नाही. दोषारोपपत्र असलं तरी कोर्टाने दखल कधी घेतली ते पाहावं लागतं. आणि तो जुना गुन्हा टोळीचा सदस्य म्हणून केला होता, की शेजाऱ्याशी बांधावरून झालेलं भांडण होतं, हाही प्रश्न उरतोच.

बहुतेक घरं इथेच चकतात. 'आमच्या मुलावर तर आधी एकही केस नाही, मग मोक्का कसा?' लागू शकतो. ही दोषारोपपत्रं टोळीच्या संदर्भात असली की पुरे, प्रत्येक आरोपीवर वेगळी असायला हवीत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे म्होरक्यावर दोन केसेस असल्या की त्याच्या गाडीवर मागे बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगाही आत जातो. निव्वळ टोळीचा सदस्य असण्याला किमान पाच वर्षं ते जन्मठेप आणि किमान पाच लाख रुपये दंड आहे. या कायद्यातली मला सर्वांत जास्त खटकणारी जागा ही. म्होरक्याकडे वकील असतो, पैसा असतो, तुरुंगातही माणसं असतात. कडेच्या पोराकडे यातलं काहीच नसतं.

याला आळा म्हणून कायद्यानेच कलम 23 ठेवलं आहे. उपमहानिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी असल्याशिवाय मोक्काखाली गुन्हा नोंदवता येत नाही. तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. पण मंजुरी देणारे दोघेही पोलिसच, बाहेरचं कुणी नाही. मंजुरीचा आदेश हातात घ्या आणि प्रस्तावाशेजारी ठेवा. वाक्यं तीच, क्रम तोच, टायपिंगच्या चुकासुद्धा त्याच असतील, तर अधिकाऱ्याने स्वतः विचार केला नाही हा मुद्दा तिथेच उभा राहतो. फक्त ही पूर्वमंजुरी गुन्ह्याला असते, माणसाला नाही. कर्नाटकच्या अशाच कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तसं सांगितलं. त्यामुळे मंजुरीत नाव नाही, एवढ्याने कुणी सुटत नाही.

पुढचं गणित दिवसांचं आहे. एरवीची पंधरा दिवसांची पोलिस कोठडी मोक्कात तीस दिवसांपर्यंत जाते. अटकपूर्व जामीन मिळतच नाही. दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवस, आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्ट ते एकशेऐंशी करू शकतं. नियमित जामिनाला कलम 21(4) आडवं येतं: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, असं कोर्टाला वाटलं पाहिजे. खटला सुरू होण्याआधी हे दाखवायचं तरी कसं? 2005 मध्ये बनावट मुद्रांक प्रकरणात मुंबईच्या माजी पोलिस आयुक्तांचा जामीन सर्वोच्च न्यायालयासमोर आला. आरोपी निर्दोष आहे असा ठाम निष्कर्ष काढायची गरज नाही, व्यापक शक्यता पाहाव्यात, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. आज जामीन अर्जात हाच निकाल सर्वांत जास्त कामी येतो.

आता कबुलीजबाब. साध्या गुन्ह्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मोक्काच्या कलम 18 मध्ये अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोरचा चालतो, आणि एकत्र खटला चालत असेल तर सहआरोपींविरुद्धही चालतो. तो मुक्त वातावरणात घेतलेला हवा, बोलायचं बंधन नाही हे आधी सांगितलेलं हवं. मग आरोपीला मूळ जबाबासह मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेलं पाहिजे, आणि त्याने मारहाणीची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. बोलायची संधी तिथे असते, पण आरोपीला परत कुठे जायचंय हे त्याला माहीत असतं. तोंडातून शब्द निघत नाही.

याची किंमत 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल बाँबस्फोटांच्या खटल्यात दिसली. हा टोळीचा गुन्हा नव्हता, दहशतवादी हल्ला होता. कायद्याच्या व्याख्येत 'बंडखोरीला चालना' हेही बसवलेलं असल्याने मोक्का तिथे पोचला. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत काही मजकूर जसाच्या तसा होता, आणि छळाच्या तक्रारींत न्यायालयाला तथ्य वाटलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. एक जण मात्र 2021 मध्ये नागपूर तुरुंगात असतानाच वारला होता. स्फोटांत जवळपास 190 माणसं गेली. त्यांच्या घरच्यांच्या हातीही एकोणीस वर्षांनी काही आलं नाही. कबुलीजबाबावर विसंबून तपास आखडला की नुकसान दोन्ही बाजूंचं होतं.

मोक्का बसत नसेल तर एमपीडीए काढला जातो. 1981 चा हा कायदा खटल्याविनाच बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करतो. इथे तारखांना फार महत्त्व आहे: कारणं पाच दिवसांत हातात, सरकारची मान्यता बारा दिवसांत, सल्लागार मंडळाकडे प्रकरण तीन आठवड्यांत, मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत. मंडळासमोर वकील देता येत नाही. आदेश बहुतेकदा दोन गोपनीय साक्षीदारांच्या जबाबांवर उभा असतो, 'अ' आणि 'ब'. हे जबाब वाचले की साचा कळतो. इसम हत्यार घेऊन आला, मी इथला भाई म्हणाला, खिशातले पैसे काढले, आजूबाजूच्या दुकानदारांनी शटर ओढली, लोक पळाले. शटर आणि पळापळ हवीच, कारण गुन्ह्याने केवळ कायदा-सुव्यवस्था बिघडून चालत नाही, सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असं दाखवावं लागतं. हे जबाब वरिष्ठ अधिकाऱ्याने खातरजमा केलेले आहेत का, आणि शेवटचा गुन्हा व आदेश यांत किती महिने गेले, या दोन मुद्द्यांवर उच्च न्यायालयात आदेश वारंवार रद्द होतात. तोवर सात-आठ महिने उलटलेले असतात.

तडीपारीचं थोडक्यात: महाराष्ट्र पोलिस अधिनियमाखाली कमाल दोन वर्षं, अपील तीस दिवसांत सरकारकडे. पूर्ण दोन वर्षं का, याची कारणं आदेशात हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं आहे.

धिंडीचं मात्र वेगळं सांगायला हवं. आरोपींना त्यांच्याच वस्तीतून पायी फिरवायचं, गुडघ्यांवर बसवून माफी मागायला लावायची, त्याचे व्हिडिओ पसरवायचे. लोक टाळ्या वाजवतात. कोणताही कायदा याला परवानगी देत नाही. शिवाय यात खटला कुजतो. ज्याचा चेहरा गावभर मोबाइलवर फिरला, त्याची नंतर ओळख परेड घेऊन उपयोग काय? बचावाचा वकील साक्षीदाराला एकच प्रश्न विचारतो: परेडच्या आधी तुम्ही तो व्हिडिओ पाहिला होता का? प्रामाणिक साक्षीदार 'हो' म्हणतो आणि ओळखीचा पुरावा तिथेच लुळा पडतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्येही संघटित गुन्हा आला आहे. व्याख्या मोक्काच्या जवळची, पण कलम 23 सारखी पूर्वमंजुरीची पायरी त्यात नाही. जामिनाच्या कडक अटी आणि पोलिसांसमोरचा कबुलीजबाबही नाही. त्यामुळे पुढच्या काळात कुठलं कलम का लावलं, हे प्रत्येक प्रकरणात विचारावं लागेल.

घरच्यांसाठी एक काम मात्र पहिल्या दिवसापासून करायचं आहे. वहीत तारीख लिहायची, अटकेची नाही तर कोर्टाने पहिली रिमांड दिली ती. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालाप्रमाणे तो दिवसही मोजायचा. दोषारोपपत्राची मुदत वाढवायचा अर्ज आला तर सरकारी वकिलाच्या अहवालाची प्रत मागायची: त्यात तपास कुठवर आला आणि आरोपीला आतच का ठेवायचं, याची ठोस कारणं हवीत. त्या सुनावणीला आरोपी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर हजर हवा. 2022 मध्ये गुजरातच्या प्रकरणांत तो हजर नव्हता म्हणून मुदतवाढच बेकायदा ठरली. मुदत वाढली नसेल, तर नव्वद दिवस संपताच एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताना, दोषारोपपत्र मुदतीत आलं नाही म्हणून हक्काने जामीन मागणारा अर्ज आत गेला पाहिजे. दोषारोपपत्र दुपारी आलं आणि अर्ज संध्याकाळी गेला, तर हा हक्क गेला.