कंपनी पेंट

आमचा ठाण्यातला गाडीवेड्यांचा ग्रुप आहे, बारा-तेरा जण, काम काय तर रविवारी सकाळी उपवनला गाड्या लावायच्या, चहा मारायचा आणि एकमेकांच्या टायरना लाथा मारून बघायच्या. त्यातल्या एकाच्या मेहुण्याने जुगाड करून चाकणच्या एका प्लांटची टूर मिळवून दिली. कंपनीचं नाव विचारू नका, गेटवर फॉर्मवर सही घेतलीये. आणि ऐनवेळी एक जागा रिकामी झाली म्हणून मी आप्पांना घेतलं.

आप्पा म्हणजे वागळे इस्टेटचे डेंटर. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ची, आणि आप्पा मला नेहमी तिच्याइतकेच जुने वाटतात. आयुष्यभर ठोकलेल्या गाड्या सरळ केल्या, पण नवी गाडी तयार होताना कधी बघितली नव्हती. "म्हणजे डॉक्टरने बाळंतपण बघितलं नाही असं झालं," असं मी म्हटलं तर म्हणाले, "मी डॉक्टर नाय रे, मी हाडवैद्य."

पहाटे पाचला माजिवड्याहून निघालो, एक्सप्रेसवे, खालापूरला वडापाव, तळेगावला उतरून चाकण. चाकणच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही, उगाच बीपी वाढतं.

गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, घड्याळं काढून ठेवा, बेल्टच्या बकलवर कव्हर, अंगठ्या काढा, कारण गाडीला ओरखडा जाऊ शकतो. आप्पांची तांब्याची अंगठी काही निघेना, सिक्युरिटीवाल्याने शेवटी बोटाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. सेफ्टी शूज द्यायला लागले तेव्हा कळलं की आप्पा चपला घालून आलेत, मोजे नाहीत. मी माझ्या बॅगेतले दिले. परत अजून मिळालेले नाहीत.

आधी प्रेस शॉप. पत्र्याची गुंडाळी एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बॉनेट बाहेर, आणि प्रेस पडली की कानाच्या आधी पायाला कळतं. आम्ही सगळे माना वर करून ती प्रेस बघतोय आणि आप्पा भलतीकडेच उभे. ट्यूबलाईटखाली दोन पोरं सुती हातमोजे घालून पॅनलवरून तळहात फिरवत होती, पत्र्यात बारीक उंचवटा किंवा खळगा असेल तर तो डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागतो म्हणून. आप्पांनी लांबूनच हवेत तसाच हात फिरवला. डोळे मिटून. नंतर म्हणाले, "इथे पण हेच करतात होय." मग पुढचे पाच मिनिटं काही बोललेच नाहीत.

वेल्ड शॉपमध्ये रोबो, ठिणग्या, एका बॉडीवर हजारो स्पॉट वेल्ड, सगळे व्हिडीओत बघितलेलेच असतात पण तो नाच प्रत्यक्ष बघणं जाम भारी, त्यावर मी पानं भरू शकतो, भरत नाही. कारण टूरमधली माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या शेवटाला होती. रंगाला जायच्या आधीच तिथे दरवाजे, बॉनेट आणि पुढचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, बोल्टने बसवतात. आप्पांनी मला कोपराने ढोसलं. "बघितलंस? बोल्ट आधी, रंग नंतर. म्हणजे बोल्टच्या डोक्यावर पण कंपनीचाच रंग येणार. गॅरेजला पाना लावला की तो रंग कडेला तडकतो. सेकंडहँड गाडी घेताना लोक किलोमीटर बघतात, अरे फेंडरचे बोल्ट बघा ना."

पेंट शॉपमध्ये आत सोडत नाहीत, धुळीचा एक कण पण चालत नाही, काचेतूनच बघायचं. अख्खी बॉडी ईडीच्या, म्हणजे इलेक्ट्रो-डिपॉझिशनच्या टाकीत बुडवतात, वीज लावून पहिला थर कानाकोपऱ्यात चिकटतो, जिथे कुठलीच स्प्रेगन पोचणार नाही तिथेसुद्धा. मग भट्टी. गाइड म्हणाला काही प्लांटमध्ये रंगाआधी धूळ पुसायला शहामृगाच्या पिसांचे रोलर असतात. आप्पा म्हणाले आम्ही जमिनीवर पाणी मारतो.

पण नंतर त्यांनी जे समजावलं ते मला पंधरा वर्षं गाड्या बघून पण माहीत नव्हतं. ईडीचा थर साधारण १६० ते १८० डिग्रीला भाजतात, सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, १४०च्या आसपास. तेव्हा ती नुसती पत्र्याची बॉडी असते, ना वायर, ना प्लॅस्टिक, ना सीट. गॅरेजमध्ये गाडी पूर्ण असते, तिला एवढं तापवलं तर डॅशबोर्डची कढी होईल, म्हणून तिथला रंग हार्डनरवर, म्हणजे त्यात मिसळलेल्या रसायनावर सुकतो, चांगल्या बूथमध्येही ६० डिग्रीच्या आसपास. त्यामुळे ओएलएक्सवर प्रत्येकजण "कंपनी पेंट आहे का" विचारतो ती नुसती अंधश्रद्धा नाही. "मी कितीही चांगला मारला तरी भट्टी कुठून आणू," आप्पा म्हणाले, आणि ते तक्रार म्हणून नव्हतं, उलट जरा हायसं वाटल्यासारखं होतं.

असेंब्लीत गेलो तर रंगवलेल्या बॉडीचे दरवाजे परत काढून टाकलेले, ते वेगळ्या लाईनवर फिरतात आणि शेवटी आपल्याच गाडीला येऊन भेटतात, म्हणजे आत डॅशबोर्ड घुसवायला मोकळी जागा मिळते. खाली इंजिन-एक्सलसकट फ्रेम येते आणि वरून बॉडी उतरते, याला ते मॅरेज म्हणतात, ग्रुपमधल्या प्रत्येकाने यावर एकेक पांचट जोक मारला. तेवढ्यात कोणीतरी कामगाराने चूक दिसली की ओढायची ती दोरी ओढली, एक ट्यून वाजायला लागली आणि लाईन थांबली. बोल्ट पुरेसा आवळला गेला नाही असं टॉर्क गन सांगते आणि गाडी पुढे जाऊच देत नाही. हेन्री फोर्डने १९१३ला सरकती लाईन आणून मॉडेल टीची साडेबारा तासांची जोडणी दीड तासावर आणली हे मला माहीत होतं, पण लाईन चालवण्यापेक्षा ती थांबवायची हिंमत माणसाला देणं मला जास्त अवघड वाटतं. आमच्या ऑफिसात कोणी दोरी ओढली तर अप्रेझल गेलं.

शेवटी पाण्याची टेस्ट, चहूबाजूंनी फवारे. जुलैत घोडबंदर रोडवर रोज फुकट होते तीच.

प्रश्नोत्तरात सगळ्यांनी नवीन मॉडेल कधी येणार विचारलं, गाइड हसला. आप्पांनी विचारलं कँटीन कुठे आहे.

रात्री घरी आलो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च लावून माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. चार वर्षांपूर्वी घेतलेली, सिंगल ओनर, कंपनी पेंट, मालकाने छातीवर हात ठेवून सांगितलेलं. उजव्या फेंडरचे बोल्ट एकदम तुकतुकीत. डाव्या फेंडरच्या तीन बोल्टांच्या कडेचा रंग उडालेला, पान्याचे दात स्पष्ट. आप्पांना फोन केला.

"तुला आज कळलं होय?" म्हणाले. "पहिल्यांदा गाडी आणलीस तेव्हाच हात फिरवला होता मी. तू एवढा खूश होतास, म्हटलं जाऊ दे."