पायथॉन लायब्ररी शोधतो कुठे?

मॉड्यूल (दुसऱ्या फाइलीतला तयार कोड) वापरायला ‘इम्पोर्ट’ लिहिलं की पायथॉन आधी ‘सिस डॉट मॉड्यूल्स’ या लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या नोंदीत बघतो; तिथे ते मॉड्यूल आधीच लोड झालेलं असेल तर शोध तिथेच संपतो. नसेल तर आधी अंगभूत मॉड्यूल्स, मग ‘सिस डॉट पाथ’ या यादीतले फोल्डर, क्रमाने. या यादीत पहिला फोल्डर तुमच्या स्क्रिप्टचा, त्यानंतर स्टँडर्ड लायब्ररी, आणि पिपने (पॅकेजेस, म्हणजे इतरांच्या लायब्ररी, बसवणारं साधन) बसवलेलं सगळं शेवटी ‘साइट-पॅकेजेस’मध्ये.

नवशिक्यांचा घात हा क्रमच करतो. स्वतःच्या फाइलला ‘रँडम डॉट पीवाय’ नाव दिलंत, तर खरी रँडम लायब्ररी सापडतच नाही. फाइलचं नाव बदला, बस.

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ ही एरर आली तर बहुतेक वेळा संगणकावर एकाहून जास्त पायथॉन असतात, आणि पिप एका पायथॉनचा आणि प्रोग्राम दुसऱ्याचा असतो. म्हणून नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ नको. ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल’ लिहा. प्रत्येक प्रकल्पाला वेगळं व्हेनव्ह (त्या प्रकल्पापुरतं स्वतंत्र पायथॉन वातावरण) हवंच, यात आळस नको. नावंही तपासा: चित्रांवर काम करणारी लायब्ररी बसवायची ‘पिलो’ नावाने, इम्पोर्ट करायची ‘पीआयएल’ नावाने.

सी भाषेतली एक्स्टेन्शन्स (सीमध्ये लिहून बांधलेली मॉड्यूल्स) लिनक्सवर ‘डॉट एसओ’, विंडोजवर ‘डॉट पीवायडी’ फाइलीत असतात. ती सहसा पायथॉनच्या ठरावीक आवृत्तीसाठीच बांधलेली असतात. म्हणून पायथॉन ३.११चं साइट-पॅकेजेस उचलून ३.१२मध्ये टाकू नका. पॅकेज नव्याने बसवा.