तेव्हाही नॉर्मल, आत्ताही नॉर्मल

आज सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. खरं तर इथेच ही नोंद संपायला हवी, पण रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी दोन रिपोर्ट पलंगावर शेजारी शेजारी ठेवून बसलेय, आजचा आणि दीड महिन्यापूर्वीचा, आणि दोन्हीत शब्दाचा फरक नाही. बोथ किडनीज आर नॉर्मल इन साइझ, शेप अँड इकोटेक्स्चर, म्हणजे आकार, आतली पोत सगळं ठीक. नो कॅल्क्युलस, म्हणजे खडा नाही. नो हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे लघवी तुंबून किडनी फुगलेली नाही. आज मी स्वतः जिना चढून गेले, तेव्हा किडनीचं इन्फेक्शन झालेलं, व्हीलचेअरवरून नेलं होतं, अंगात १०३ ताप, थंडीने दात वाजतायत, उजव्या बाजूला बरगडीखाली कोणी आतून पिळतंय असं दुखत होतं, आणि कागदाला त्याचं काहीच नाही.

म्हणजे धडधाकट असताना मी आतून जशी दिसते तशीच तेव्हाही दिसत होते. हे इतकं का लागलंय मला.

लागायचं कारण तसं माहितीये. दादा. त्या दिवशी त्याने रिपोर्ट हातात घेतला, सगळ्यात खालची इम्प्रेशनची, म्हणजे निष्कर्षाची ओळ वाचली (सगळे तेवढीच वाचतात) आणि म्हणाला, "नॉर्मल आहे की गं! उगाच घाबरवलंस." बस. ओरडला नाही, चेष्टा नाही केली, उलट बिचाऱ्याला हायसं वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. आणि तो चेहरा बघून मला इतका राग आला की अजून गेला नाहीये. अरे मी इथे कुडकुडतेय ना समोर, आणि तू कागद बघून सुटकेचा श्वास सोडतोस? आईच्या वेळेस पण असंच... जाऊ दे, तो विषय नको.

गंमत म्हणजे डॉक्टरांना एक क्षणही शंका नव्हती. पाठीत जिथे बरगडी संपते तिथे त्यांनी हलकेच मूठ आपटली, मी किंचाळले, लघवीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, भरमसाट, झालं. जंतू कुठला ते बघायला कल्चरला सॅम्पल पाठवला आणि सोनोग्राफीच्या आधीच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरूसुद्धा केलं. म्हणजे ज्या बाईला माझं म्हणणं पटायला हवं होतं तिला पटलेलं होतं. पण माणसाचं असं असतं ना, जिने ऐकलं ती लक्षात राहत नाही, ज्याने नाही ऐकलं तोच डोक्यात फिरत राहतो.

चौथ्या दिवशीही ताप उतरेना तेव्हा डॉक्टर म्हणाल्या आता सिटी स्कॅन करू, कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, शिरेतून देऊन. आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, त्यावरून किडनी कितपत काम करतेय ते कळतं, कारण ते औषध किडनीतूनच बाहेर पडतं आणि आमची किडनी तर आधीच रुसलेली. हात डोक्यावर, टेबल आत बाहेर, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. टेक्निशियनने आधी सांगून ठेवलं होतं की औषध गेलं की अंग गरम होईल, तोंडात धातूची चव येईल आणि लघवी झाल्यासारखी वाटेल पण होत नाही, घाबरू नका. तरी घाबरले. हळूच हात लावून खात्री केली. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. डावी किडनी एकसारखी पांढरी, घेवड्याचा दाणा. आणि उजवीत काळे पट्टे, मधून कडेकडे गेलेले, काही पाचरीसारखे, लहान मुलं सूर्य काढतात ना आणि किरण काढतात, तसे, फक्त काळे. किडनीभोवतीची चरबीसुद्धा धुरकट, पिंजल्यासारखी.

आणि मला आनंद झाला.

हेच लिहायचं होतं खरं तर आणि तीन परिच्छेद टाळत होते. आपल्या किडनीत काळे पट्टे बघून मला आनंद झाला. काहीतरी चांगलं निघाल्यासारखा. मनात पहिलं वाक्य आलं ते "बघ!" असं होतं आणि ते दादाला होतं. डॉक्टर सांगत होत्या की पू साठलेला नाही, अडथळा नाही, हवा नाही, म्हणजे खरी चांगली बातमी होती ती, आणि मी मात्र पट्ट्यांवरच खूश. मी फोनवर स्क्रीनचा फोटो काढला, त्यांना विचारून, आणि तिथूनच त्याला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती असं वाटलं तेव्हा, आता जरा लाज वाटते.

त्याने बघितलं. दोन निळ्या खुणा. काही नाही आलं उत्तर.

डॉक्टरांना मी विचारलं होतं की मग सोनोग्राफीत का नाही दिसलं, जरा तावातावानेच, जणू त्यांनीच लपवलं. त्या म्हणाल्या सोनोग्राफी चुकली नाही, तिला तो प्रश्नच नव्हता विचारला. ती आवाजाच्या लाटा सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकते, सुजलेला भाग आणि चांगला भाग बऱ्याचदा सारखाच आवाज परत देतात, त्यामुळे किडनीच्या इन्फेक्शनमध्ये सोनोग्राफी नॉर्मल येणं अगदी नेहमीचं. ती करायची ती खडा आहे का, लघवी तुंबून किडनी फुगलीये का, हे बघायला, कारण तुंबलेल्या किडनीत इन्फेक्शन असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही, आधी वाट मोकळी करावी लागते. त्याचं उत्तर तिने बरोब्बर दिलं होतं, नाही. सिटीतलं कॉन्ट्रास्ट मात्र रक्ताबरोबर किडनीत जातं, आणि जिथे सूज आहे, बारीक नळ्या पेशींनी बुजल्यात, तिथे ते कमी पोचतं, तेवढा भाग काळा राहतो. म्हणजे एका मशीनने आकार बघितला, दुसऱ्याने कारभार.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझी सगळी हवा गेली. सिटी माझं दुखणं खरं की खोटं हे ठरवायला केलाच नव्हता. ते पहिल्या दिवशीच ठरलं होतं. साध्या केसमध्ये तर कुठलाच फोटो लागत नाही, लक्षणं आणि लघवी पुरे. औषध सुरू होऊन अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत ताप हलला नाही तर बघायचं की आत पू साठलाय का, आणि शुगर असलेल्यांत कधी कधी जंतू किडनीतच गॅस करतात, ते फार वाईट, ते आहे का. सिटीत हवा लपत नाही म्हणे, पाणी शून्य धरलं तर हवा उणे हजार, हाउन्सफील्ड नावाच्या माणसाच्या नावाने ती मापं आहेत, त्याला सिटीसाठी १९७९ चं नोबेल मिळालं, हे मी नंतर रात्री वाचलं, झोप येत नव्हती म्हणून. माझ्या त्या लाडक्या पट्ट्यांनी उपचारात काडीचा फरक पडला नाही. तेच अँटिबायोटिक, त्याच वेळा. कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आला, त्याला ते लागू होतंच. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पट्ट्यांच्या जिवावर नव्हे, आपला आपण.

म्हणजे मी ज्याला पुरावा म्हणून मिरवत होते तो कुणी मागितलाच नव्हता. पोटाचा सिटी म्हणजे निसर्गातून दोन तीन वर्षांत मिळतं तेवढं रेडिएशन साधारण, आणि मी ते "बघ!" म्हणायला वापरलं. भारीच.

आजच्या सोनोग्राफीचीही गरज नव्हती. डॉक्टर म्हणाल्या बरी आहेस, कशाला. मीच हट्ट केला. बाकावर शेजारी एक छोटा मुलगा होता आईबरोबर, त्याचा डीएमएसए नावाचा किडनीचा स्कॅन व्हायचा होता, इंजेक्शन देऊन दोन तीन तास थांबवून ठेवतात, मग कॅमेऱ्याखाली हलायचं नाही. त्याला लहानपणीच इन्फेक्शन झालेलं, किडनीवर व्रण राहिलाय का ते काही महिन्यांनी बघतात. माझाही करा म्हणाले असते मी, एवढी वेडी झालेय, मोठ्यांना सहसा लागत नाही हे माहीत असूनही. व्रण राहिला असेल का. राहिला तर तो कुणाला दाखवायचाय मला.

हां, एक फरक सापडला मगाशी. शब्दांत नाही, आकड्यांत. उजवी किडनी तेव्हा ११.८ सेंटिमीटर, आज १०.७. डावी दोन्ही वेळा १०.५ च्या आसपास. सूज होती ती! लिहिलेली होती तिथे, दादानेही वाचली नाही, मीही नाही. पाच मिनिटं मी पुन्हा खूश. मग आठवलं की प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो दांडा, कसा धरला, कोणी धरला यानेही सेंटिमीटरभर इकडे तिकडे होतं, आणि दोन्ही आकडे नॉर्मलमध्येच बसतात. जाऊ दे. पण पेन्सिलने गोल केलाय मी त्या ११.८ ला. फिकट.

आत्ता लिहिता लिहिता दादाचा मेसेज आला. दुपारी त्याला आजचा रिपोर्ट पाठवला होता, "नॉर्मल" एवढंच लिहून, मुद्दाम कोरडं. तर म्हणे, "तेव्हाही नॉर्मलच होता ना? सिटी करायला नाही सांगितला का?"

मी दहा ओळी टाईप केल्या की अरे आता कशाला सिटी, ताप नाही, दुखत नाही, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आहे, उगाच रेडिएशन, सोनोग्राफीवर जरा विश्वास ठेव. पाठवल्यावर माझं मलाच वाचून हसू आलं, सोनोग्राफीची वकिली, मी! तो बराच वेळ टाईप करत होता, थांबत होता, परत करत होता. शेवटी आलं ते एवढंच, "ताप मोजलास आज?"

नव्हता मोजला. उठले, मोजला. ९८.२. थर्मामीटरचा फोटो पाठवलाय.