बाण उलटा का?

शाळेतली शिस्त, छडी आणि स्नेहसंमेलनं यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला आठवतो तो आमच्या अमळनेरच्या वर्गातला एक वाद. विज्ञानाच्या सरांनी तो मुद्दाम मिटवला नाही.

सरांनी फळ्यावर विद्युत परिपथ काढला. प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे. मग म्हणाले, "तारेतले इलेक्ट्रॉन मात्र उलट जातात." धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन संशोधकाने अठराव्या शतकातच रूढ केली होती, ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमसनने ऋण भाराचा इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये. तोवर बाणाची सवय पक्की झाली होती.

"खोटं आहे तर शिकवता कशाला?" पहिल्या बाकावरची मुलगी चिडली. मागून शेतकऱ्याचा पोरगा उठला : "सर, मोटर फिरस ना? पानी येस ना? मंग बाण कथाबी (कुठंही) काढा!"

वर्ग हसला, सर नाही हसले. म्हणाले, ही वास्तववादी : सिद्धांताने जग आहे तसं सांगावं. हा फलप्रामाण्यवादी : कल्पनेची परीक्षा तिच्या परिणामांत. या दुसऱ्या मताचे अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स (Peirce) आणि जेम्स ही नावं तेव्हा पहिल्यांदा ऐकली. गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, पण आम्हाला ती फक्त एक इमारत होती.

पोराचं म्हणणं तसं बिनतोड. धन भार बाणाच्या दिशेने जातो म्हणा किंवा ऋण भार उलट, चुंबकीय क्षेत्रात तारेवरचं बल दोन्ही कल्पनांत सारखंच निघतं. (विहिरीवरच्या मोटारीला तर प्रत्यावर्ती प्रवाह, तिथे दिशा सतत उलटतच असते!) पण "चालतंय ना, मग झालं" एवढ्यावर पर्स थांबत नाही. तो विचारतो, या दोन कल्पनांनी अनुभवात कुठे काही फरक पडेल का?

पडतो. इंजिनिअरिंगला गेल्यावर 'हॉल परिणाम' शिकलो, एडविन हॉलचा, १८७९ चा. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज येतं आणि त्याच्या चिन्हावरून भार वाहणारे कण धन की ऋण ते कळतं. तांब्यात ऋण. म्हणजे मुलगी बरोबर, आणि तेही मागच्या बाकाच्याच कसोटीने. हे सरांना ठाऊक असणारच. आम्हाला का सांगितलं नाही, कोण जाणे.

अर्थात काही अर्धवाहकांत हेच चिन्ह उलटं येतं, भारवाहक धन असल्यासारखे वागतात. तेव्हा तिचाही विजय तांब्यापुरताच.