पुट अप विथ म्हणजे नुसतं सहन करणं नाही हो

डिक्शनरीत पुट अप विथ शोधलं की 'सहन करणे' असं दिसतं, आणि ते चूक नाहीये, पण मराठीत सहन करणं म्हटलं की दुःख, छळ, अन्याय असलं काहीतरी जड डोक्यात येतं आणि तिथेच घोळ होतो. हे क्रियापद जास्त करून रोजच्या कटकटींसाठी आहे. शेजाऱ्यांचा आवाज, कायम उशिरा येणारा मित्र, खडूस बॉस. बदलता येत नाही किंवा बदलायचा कंटाळा आलाय म्हणून आपण चालवून घेतो ना, ते पुट अप विथ. जवळचं माणूस गेल्याचं दुःख सांगायला मात्र नका वापरू, कानाला विचित्र लागतं, तिथे बेअर किंवा कोप विथ बरं.

नकारात आलं की त्याला एकदम धार चढते. आय वोन्ट पुट अप विथ धिस, म्हणजे मी हे खपवून घेणार नाही, विषय संपला. उलट थँक्स फॉर पुटिंग अप विथ मी हे लाडातलं आहे, त्याला 'मला झेलतोस बाबा' यापेक्षा चांगलं मराठी मला तरी सुचत नाही.

आता, टर्न इट ऑफ चालतं म्हणून लोक पुट इट अप विथ पण करून बघतात. नाही चालत. तिन्ही शब्द एकत्रच, जे सोसायचं ते विथच्या नंतर. वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये हा जुना नियम इथे पाळायला गेलात तर 'अप विथ विच आय विल नॉट पुट' असलं काहीतरी तयार होतं (हा जोक चर्चिलच्या नावावर खपवतात, त्याला धड पुरावा नाही, पण जोक भारीच आहे).

आणि विथ गाळलंत तर अर्थच पालटतो. दे पुट मी अप फॉर द नाइट म्हणजे त्यांनी मला रात्री राहायला जागा दिली, आणि दे पुट अप विथ मी म्हणजे बिचारे मी कधी जातोय याची वाट बघत होते.

होते की आहेत ते मागचंपुढचं बघून ठरवायचं, कारण पुटचा भूतकाळही पुटच. कर्ता इंग्रजीतला ही किंवा शी (तो किंवा ती) असेल तर सोपं, पुट्स असेल तर आत्ताचं, नुसतं पुट असेल तर झालेलं. बोलताना जोर अपवर द्या, पुट आणि विथ पटकन उरकायचे.